इंग्लंडच्या लेखी आईनं लस घेतलीच नव्हती

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण माहेर बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावात, बाळंत होणारी माझी ताई इंग्लंडातल्या डर्बीत आणि वर्ष २०२१. विमानं मोजकी, आणि नियम तर दर आठवड्याला कात टाकणारे. ताईला एवढ्या लांब आणायची सोय नव्हती. हे मी आईला दोनदा समजावून सांगितलं. ती शेतातून आली होती, पायावर पाणी घेत होती. म्हणाली, "ती येऊ शकत न्हाई ना? मग माहेर तिकडं नेऊ."

अशी आमची सहल ठरली. आई तोवर तुळजापूर आणि एकदा तिरुपती, याच्यापुढे गेली नव्हती. मी अंबाजोगाईत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतो, म्हणजे जगातल्या सगळ्या सीमा मला तोंडपाठ; ओलांडली मात्र एकही नव्हती. क्लास तेव्हा ऑनलाइनच चालू होता, त्यामुळे आईसोबत जायला मी मोकळा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, सोयाबीनसाठी मागं थांबले.

तुम्हाला कधी जायचं झालं तर पहिली सूचना: व्हिसाचा अर्ज घरच्या माणसांसमोर भरू नका. त्यात एक प्रश्न असतो, तुम्ही कधी युद्धगुन्ह्यात, दहशतवादात वगैरे सामील होता का. मी तो मराठीत करून आईला विचारला.

आईनं जरा विचार केला. "भावकीतलं धरायचं का?"

"न्हाई, आई."

"मग न्हाई म्हण."

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागलं. तिथल्या यंत्राला आईची बोटं सापडेनात. खुरपं धरून धरून रेषा झिजलेल्या. टेबलामागची मुलगी ओला कागद देऊन पुन्हा पुन्हा पुसायला सांगायची आणि आई मला म्हणायची, "हिला म्हणावं, हे पुसून येत नसतंय." शेवटी कसे तरी उमटले. व्हिसा आला. मला वाटलं, अवघड भाग संपला.

मग लसीचं प्रमाणपत्र. आईनं दोन्ही डोस सरकारी आरोग्य केंद्रात घेतले होते. पासपोर्टवर ती मंदाकिनी, आणि प्रमाणपत्रावर मंदाबाई, कारण तिथल्या ऑपरेटरला ती मंदाबाई म्हणूनच माहीत. शिवाय त्यावर जन्माचं फक्त साल. इंग्लंडला अख्खी तारीख हवी. नाव दुरुस्त झालं. तारीख चढली. पासपोर्टचा नंबर जोडला. इतकं सुंदर प्रमाणपत्र अख्ख्या केज तालुक्यात कुणाकडे नसेल. मी त्याच्या रंगीत प्रती काढल्या.

विमानाच्या आधी तीन दिवसांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा. नमुना अंबाजोगाईत खासगी लॅबमध्ये दिला. नाकात कांडी गेल्यावर आईनं त्या टेक्निशियनचा हात असा धरला, की तो म्हणाला, "मावशी, सोडा, माझाच रिपोर्ट खराब येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून निघालो. रिपोर्ट अजून आला नव्हता. म्हणजे आम्ही एका अशा विमानासाठी निघालो होतो ज्यात बसायची परवानगी वाटेत कुठेतरी मोबाइलवर येणार होती. नेकनूरला चहाला थांबलो, तिथं आली. दोघंही निगेटिव्ह. ड्रायव्हरनं विचारलं, "निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना हो सर?" त्याला बिचाऱ्याला निगेटिव्ह शब्दाची भीती वाटली होती. मी त्याला भजी खाऊ घातली. मांजरसुंब्याच्या घाटातून पाटोदा, जामखेड करत पुणे, आणि पुढे पनवेलला लॉजवर मुक्काम. पावसानं रस्ते धुऊन नेले होते. जाणारांनी कंबरेची काळजी घ्यावी आणि वेळ भरपूर धरावा.

लॉजवर बसून मी इंग्लंडचा प्रवासी अर्ज भरला. तुम्ही पूर्ण लस घेतली आहे का? मी अभिमानानं 'होय' वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं तो अर्ज पाहिला आणि मान हलवली. "सर, हे चुकीचं भरलंय. तुम्ही लस घेतलेली नाही."

"घेतलीय की. दोन्ही डोस." मी रंगीत प्रत पुढे केली.

"ते बरोबर आहे सर. पण इंग्लंडच्या दृष्टीनं नाही घेतलेली."

तिचा काही दोष नव्हता. दिवसभरात हे वाक्य ती कितव्यांदा म्हणत होती कुणास ठाऊक. तिनं शांतपणे समजावलं: लस मान्य आहे, पण लस घेतल्याचा भारताचा दाखला मान्य नाही. म्हणजे आमच्या दंडात जे गेलं त्यावर त्यांचा विश्वास होता, ते गेलं यावर नव्हता. लस न घेतलेल्या माणसासारखं दहा दिवस घरात बंद राहायचं, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट करायची, आणि त्या टेस्टची पाकिटं आधी विकत घेऊन त्यांचा नंबर अर्जात टाकायचा. तोवर बोर्डिंग पास नाही.

आईनं विचारलं, "काय म्हणती ही?"

"म्हणती, आपण लस घेतली न्हाई."

"कावून? दोन दिवस ताप आलता मला. दंडावर अजून गाठ हाय. दाखवू का?"

त्या मुलीनं मास्कच्या आड हसू दाबलं. मी ट्रॉलीवर बसून मोबाइलवर पुन्हा सगळं भरलं. पाकिटांची किंमत मी आईला रुपयांत सांगितली नाही, आणि तुम्हीही आपापल्या आईला सांगू नका.

लंडनला उतरलो. मी सगळ्या कागदांची जाड फाइल छातीशी धरून रांगेत उभा. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं आमचे पासपोर्ट पाहिले आणि विचारलं, कशाला आलात. मी सांगायच्या आत आई मोठ्यानं म्हणाली, "डिलिव्हरी!" त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी घाईनं खुलासा केला. त्यानं शिक्के मारले. लस, रिपोर्ट, पाकिटांचे नंबर, कशाबद्दल एक शब्द नाही. फाइल उघडली गेली नाही. मला खरं सांगायचं तर राग आला. निदान आईच्या जन्मतारखेकडे तरी बघायचं.

न्यायला दाजी आले होते, गाडी घेऊन. ते मूळचे अंबाजोगाईचेच. डर्बीत कॉम्प्युटरचं काम करतात. मोठ्या रस्त्यानं अडीच-तीन तास. खड्डा नाही, हॉर्न नाही. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "माणसं कुटं गेली ह्या देशातली?"

घराच्या दारात ताई उभी होती. नववा महिना, एक हात कमरेवर. अडीच वर्षांनी माय-लेकी समोरासमोर येत होत्या आणि दोघींच्या मध्ये दहा पावलं फरशी. ताई म्हणाली, "आई, तिथंच थांब. आधी वर जा."

ताईबद्दल सांगायला हवं. ती नर्स आहे. अंबाजोगाईत शिकली, सात वर्षांपूर्वी तिकडं गेली. अख्खी साथ तिनं वॉर्डात काढली, आणि मग लस आली तेव्हा लसीकरण केंद्रावर बसून त्या गावातल्या गोऱ्या लोकांना टोचत राहिली. कोणती लस? तीच. त्यांच्या विद्यापीठात शोधलेली, आपल्या पुण्यातही बनलेली, बाटलीवरचं नाव तेवढं वेगळं. ज्या बाईनं निम्म्या मोहल्ल्याला टोचली, तिच्या आईला टोचलेली मात्र हिशेबात नव्हती.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मोठीत आई, आणि पलंग बसला की दार उघडेना अशा छोटीत मी. सकाळी मी त्याच पलंगावर बसून मुलांना भारताचे शेजारी देश शिकवायचो. डर्बीची प्रेक्षणीय स्थळं मी सांगू शकत नाही. खिडकीतून समोरच्यांची कचऱ्याची तीन रंगांची पिंपं दिसायची, ती फार स्वच्छ होती.

आईनं डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून आणलं होतं. आता सामान खाली स्वयंपाकघरात आणि आई वर. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ती जावयाला स्वयंपाक शिकवू लागली.

"जावईबापू, डिंक फुलला का?"

"काळा झाला, आत्या."

"गॅस बारीक करा म्हणलंतं न्हवं का मी!"

एवढं शिकलेला माणूस तुपाच्या कढईपुढं घामाघूम व्हायचा. ताई सोफ्यावर पोट धरून हसायची, आणि तिचं हसू वर ऐकू आलं की आई तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

रोज सरकारकडून फोन यायचा. तुम्ही घरातच आहात ना, लक्षणं आहेत का, नियम मोडल्यास दंड होईल हे माहीत आहे ना. मी आईच्या वतीनं होय-नाही करायचो. आणि एके दिवशी पिवळं जाकीट घातलेला एक उंच माणूस दारात आला. आम्ही खरंच घरात आहोत का ते तपासायला. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. त्यानं पासपोर्टवरचे चेहरे ताडून पाहिले.

आई म्हणाली, "त्याला म्हणावं, आत ये, चहा घे."

मी सांगितलं. तो म्हणाला, आभारी आहे, पण आत यायची परवानगी नाही.

"एवढ्या लांबून आला आन् दारातच उभा? बरं, त्यानं कोणती लस घेतली ते इचार."

मी कचरत विचारलं. त्यानं छाती जरा पुढे काढून नाव सांगितलं. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "हीच की आपली. मीच दिली असंल एखाद्या वेळी." आईनं त्या माणसाकडे असं पाहिलं, जसं ती बांध कोरणाऱ्याकडे बघते. तो काही न कळून "हॅव अ लव्हली डे" म्हणाला आणि गेला.

आम्ही आत असतानाच बातमी आली. भारताचा दाखला आता मान्य. सोमवारपासून जे उतरतील त्यांना कोंडून घ्यायचं कारण नाही. मी उडी मारून हेल्पलाइन लावली. पाऊण तास फोनमध्ये वाजणारी पेटी ऐकली, मग एक गोड आवाजाची बाई म्हणाली, तुम्ही ज्या दिवशी उतरलात त्या दिवशीचा नियम तुम्हाला लागू. म्हणजे सोमवारी विमानातून उतरलेला माणूस आमच्या खिडकीखालून फिरायला जाऊ शकत होता, आणि त्याच्या आधीपासून निरोगी बसलेले आम्ही नाही.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लस सोमवारपासून गुणाला येणार. फक्त आमच्या अंगातली सोडून."

एक पळवाट होती. पाचव्या दिवशी आणखी एक टेस्ट विकत घ्यायची, निगेटिव्ह आली की सुटका. मी ती घेतली. नमुने पोस्टानं पाठवले. आणि निकालाची वाट बघत असताना, दुसऱ्या दिवशी दुपारी, ताईला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी.

खाली धावपळ ऐकू आली. दाजींचा आवाज, पिशवीची चेन, गाडीची चावी सापडेना. मी खोलीबाहेर आलो तर आई जिना उतरत होती. अंगावर स्वेटर, पदर खोचलेला, पायात चपला.

"आई, दंड करतील."

"करू दे. तुझ्या अण्णाला सांगून भरू. बाजूला सर."

मी बाजूला झालो. ते पिवळं जाकीट, ती गोड बाई, सगळ्यांचा मला इतका वीट आला होता, की खरं तर मला तिला सोडायलाच जायचं होतं. पण दारात ताई भिंतीला धरून उभी होती. एक कळ गेली, दुसरी यायची होती. ती म्हणाली, "आई, तू येऊ नको."

"कावून? कोण अडवतंय बघते मी."

"मी अडवतेय." तिनं श्वास घेतला. "मागच्या वर्षी वॉर्डाच्या दारात मीच उभी राहायचे, आई. लोक यायचे. कुणाची आई आत, कुणाची बायको आत. एक म्हातारा रोज यायचा, काचेतून तरी दाखवा म्हणायचा. मी त्याला परत पाठवलं. तो काय आजारी नव्हता. नियम होता. आता त्याच दारातून मी माझी आई कशी नेऊ?"

मी इतके दिवस त्या नियमांवर जेवढे विनोद केले होते, त्यातला एकही त्या वेळी आठवला नाही. नियम तेव्हाही वेडाच होता. आई निरोगी होती, हे ताईला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आई पायरीवर खाली बसली. चपला काढल्या. "जा," म्हणाली. "पण फोन चालू ठिवायला सांग त्यांना. बंद करू नका."

दाजींनी फोन चालू ठेवला. गाडीतला आवाज, मग दारं, कुणाच्या तरी पावलांचा, यंत्राचा टुकटुक आवाज. आई फोन कानाला लावून त्याच पायरीवर. "सुरे, तोंडानं श्वास घे." "सुरे, मी हाय बघ." मध्ये मी पाणी दिलं, तिनं हातानंच नको म्हटलं. अंधार पडायच्या सुमाराला फोनमधून एक बारीक, रागावलेलं रडणं आलं. आईनं फोन कानापासून काढून माझ्या कानाला लावला. तिला स्वतःला ते पुन्हा ऐकवत नव्हतं.

मुलगी झाली होती.

दुसऱ्या दिवशी टेस्टचे निकाल आले. मी निगेटिव्ह, मोकळा. आईचा नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. एकाच पाकिटातून गेले होते दोन्ही. सुटका झाल्यावर मी इंग्लंडात पहिलं काय पाहिलं असेल? भाजीचं दुकान. आईनं मेथी आणायला पाठवलं होतं.

ताई बाळाला घेऊन घरी आली तेव्हा आईचे तीन दिवस बाकी होते. ताई जिन्याच्या खाली, आई वर. ताईनं दुपटं बाजूला करून बाळ उचलून दाखवलं. आईनं वरूनच विचारलं, "नाक कुणावाणी हाय? इथून काय दिसंना." मग तिनं जिन्यावर बसूनच दाजींना बाळाला धरायचं कसं, न्हाऊ घालायचं कसं ते शिकवलं. डिंकापेक्षा बरं जमलं त्यांना.

दहावा दिवस संपल्यावर आई सकाळी अंघोळ करून खाली आली आणि नातीला मांडीवर घेतलं. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नाही, फक्त बाळाशी.

पुढचे दीड-दोन महिने मजेत गेले. नातीचं नाव रेवा ठेवलं. आई थंडीत साडीवर जावयाचं जाकीट घालून बागेत फिरायची, आणि डर्बीच्या भाजीवाल्या गुजराती बाईशी मराठीतून घासाघीस करायची. डिसेंबरात परत निघालो तेव्हा ओमायक्रॉन आला होता. आता इंग्लंडहून येणारा माणूस भारताला धोक्याचा. मुंबईत पुन्हा नाकात कांडी, पुन्हा थांबा, आणि घरी सात दिवस बंद. वडगावात अण्णांनी आमच्यासाठी बाहेरची खोली झाडून ठेवली होती. शेजारच्या बायका फाटकाबाहेरून ओरडून विचारायच्या, "मंदाबाई, नात कशी हाय?" आई खिडकीतून ओरडून सांगायची. सवय झाली होती.

तुम्हाला वाटेल, इंग्लंडलाच तेवढी शिंगं. थांबा. ताई तिकडं कायमची राहणारी, त्यामुळे रेवा जन्मानं ब्रिटिश नागरिक. पुढच्या वर्षी तिला घेऊन यायचं ठरलं तर रेवाला आजीकडे यायला व्हिसा हवा. आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी आपला ऑनलाइन व्हिसा बंद. आधी साथीमुळे, मग त्यांनी आपलं असं केलं म्हणून आपणही तसं, अशी कुजबुज. कागदी व्हिसाला महिनोन् महिने अपॉइंटमेंट नाही. ताई फोनवर अर्ज भरताना एकेक रकाना वाचून दाखवायची. रेवाचा व्यवसाय. रेवाला कुठल्या देशानं हाकललं आहे का. अंगावर दिसणारी खूण.

"लिही, गालावर तीट," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "आपण बी काय कमी न्हाई रे संजय."

व्हिसा मिळाला. आणि मिळाल्यावर थोड्याच दिवसांत ऑनलाइन व्हिसा पुन्हा सुरू झाला. आता मला याचं काही वाटत नाही. लोक मला विचारतात, इंग्लंड कसं आहे. मी सांगतो, वरच्या खिडकीतून चांगलं दिसतं. जायचं असेल तर आता खुशाल जा; ते अर्ज, ती पाकिटं, तो पिवळा माणूस, सगळं एका रात्रीत कुठं गेलं कुणाला माहीत. कुणी सांगितलंही नाही, की ते नेमकं कशासाठी होतं. पण वॉर्डाच्या दारातला तो म्हातारा मी कधी पाहिलेला नसूनही मला आठवतो, आणि त्याच्यापुढं माझी खिल्ली अडकते.

रेवा वडगावला आली तेव्हा चालायला लागली होती. आईला पाहून ती भोकाड पसरून ताईच्या पायामागं लपली. बायका म्हणाल्या, "उचलून घ्या की तिला." आई म्हणाली, "नको. येईल तिच्या मनानं." आणि ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली. दिवसभर तिनं नातीकडे सरळ पाहिलंही नाही.

उन्हं कलल्यावर रेवा ओसरीला धरून हळूहळू तिच्यापर्यंत आली. सुपातली अख्खी शेंग उचलली आणि तोंडात कोंबली. ताई ओरडली. आईनं झटकन तिच्या तोंडात बोट घालून शेंग बाहेर ओढली, तर रेवा त्या बोटाला कडकडून चावली.

"आई गं!" म्हणत आईनं हात झटकला, बोट पाहिलं आणि एकदम हसायला लागली. "सुरे, दात आलेत की गं हिला! एवढे? फोनवर कुटं दिसत होते!"